हिमाद्रीला जाता येतं का?

ध्रुवीय प्रदेशाचा विषय निघाला की वर्गातला पहिला प्रश्न थंडीचा नसतो, पांढऱ्या अस्वलाचाही नसतो. "सर, आपल्याला जाता येतं का तिथं?" हाच असतो. शाळेतून निवृत्त झालो तरी तो प्रश्न काही सुटला नाही, आता लग्नकार्यात मोठी माणसं विचारतात. आणि विचारणं रास्तच आहे. हिमाद्री हे आर्क्टिकमधलं भारताचं संशोधन केंद्र. ते सरकारचं, पैसा आपल्या करातला, मग बघायला का मिळू नये?

झटपट उत्तर हवं असेल तर ते असं. मंजूर झालेल्या संशोधन प्रकल्पात नाव असेल तर हिमाद्रीत राहता येतं. सहलीला गेलात तर ज्या गावात हिमाद्री आहे तिथं जहाजातून उतरून थोडा वेळ रस्त्यानं फिरता येतं, इमारत बाहेरून बघता येते. आणि शास्त्रज्ञ असो की सहलीवाला, दोघांनाही तिथं फोन फ्लाइट मोडवर ठेवावा लागतो. ही शेवटची गोष्ट लोक नुसतं नवल म्हणून ऐकतात आणि सोडून देतात. माझ्या मते त्या जागेचं सगळं गणित तिच्यातच आहे. तिथल्या सोयी वेगळ्या आणि तिथली मनाई वेगळी, असं नाही. मनाई हीच तिथली सगळ्यात दुर्मीळ सोय आहे.

गाव कुणाचं, घर कुणाचं

नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या बऱ्याच वर, 74 ते 81 अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या स्पिट्सबर्गन या सर्वांत मोठ्या बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर कोंग्सफ्योर्ड नावाची खाडी आत शिरते. तिच्या काठावर न्यू-ऑलेसुंड हे गाव, 78 अंश 55 मिनिटं उत्तर. इथून उत्तर ध्रुव साधारण 1,200 किलोमीटर.

गाव म्हटलं तरी ग्रामपंचायत, जत्रा, पिढ्यानपिढ्यांची घरं असं काही नाही. 1916 साली कोळसा काढायला स्थापन झालेल्या कंपनीची ही वसाहत. 1926 च्या मे महिन्यात अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले 'नॉर्गे' या हवाई जहाजातून इथूनच निघाले आणि ध्रुवावरून थेट अलास्कात उतरले. ते जहाज बांधून ठेवायचा उंच लोखंडी मनोरा अजून उभा आहे. खाणीत मात्र अपघातांमागून अपघात होत राहिले. नोव्हेंबर 1962 च्या स्फोटात 21 कामगार गेले, त्याचे पडसाद थेट ऑस्लोच्या संसदेत उमटले आणि पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकार पडलं. खाण बंद झाली. कंपनी मात्र राहिली. 1968 मध्ये नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेनं तिथं केंद्र उघडलं, मग हळूहळू इतर देश आले. जर्मनी आणि फ्रान्स (यांचं केंद्र एकत्र आहे), ब्रिटन, इटली, नेदरलँड्स, जपान, दक्षिण कोरिया, चीन आणि भारत. चिनी केंद्राच्या दाराशी दगडी सिंहांची जोडी बसलेली आहे, फोटोत ती हमखास दिसते.

भारताची पहिली आर्क्टिक मोहीम 2007 च्या ऑगस्टमध्ये गेली आणि 1 जुलै 2008 रोजी हिमाद्रीचं उद्घाटन झालं. कारभार गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडं, म्हणजे एनसीपीओआरकडं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही केंद्रं आपण उभारली, तिथला स्वयंपाकी आपला, डॉक्टर आपला, जनरेटर आपला. हिमाद्रीचं तसं नाही. ती भाड्यानं घेतलेली इमारत आहे. जमीन, रस्ते, धक्का, धावपट्टी, वीज, पाणी, जेवण, सगळं किंग्ज बे या कंपनीचं, आणि ती कंपनी नॉर्वे सरकारच्या मालकीची. 1920 च्या स्वालबार्ड करारावर भारताची सही आहे (तेव्हा अर्थातच ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून), त्यामुळं "आपला तिथं हक्क आहे" असं कुणी कुणी ठासून सांगतं. त्या करारानं सार्वभौमत्व नॉर्वेला दिलं आणि सही करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथं जाण्या-राहण्याची, मासेमारी-व्यापाराची समान मुभा दिली. पण न्यू-ऑलेसुंडमध्ये कुणी कुठं राहायचं, कधी उतरायचं, हे घरमालक ठरवतो. आणि घरमालक कडक आहे.

आत काय आहे

हिमाद्री 220 चौरस मीटरची. चार शयनकक्ष, आठ माणसांची सोय. कामाची खोली, सामानाची जागा, इंटरनेट. हे इंटरनेट तारेचं आहे बरं का, 2015 पासून समुद्रतळावरून ऑप्टिकल फायबर आली आहे. म्हणजे संगणकाला तार लावून व्हिडिओ कॉल झकास चालतो आणि खिशातला फोन मुका. आपल्याकडच्या नेमकं उलटं.

जेवण हिमाद्रीत नाही, गावच्या मेसमध्ये. दहा देशांचे लोक एकाच भोजनगृहात, ठरलेल्या वेळेला. खाणीच्या काळापासून चालत आलेली रीत म्हणजे दारात बूट काढायचे. पूर्वी कोळशाच्या चिखलामुळं, आता बर्फाच्या. शाकाहारी माणसानं काय करायचं, हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. स्वयंपाकघराला आधी कळवायचं, आणि भाकरी-ठेच्याची आशा धरायची नाही.

पिण्याचं पाणी जवळच्या तळ्यातून. वीज डिझेलवरच्या जनरेटरची. ज्या जागी जगातल्या स्वच्छ हवेचं मोजमाप चालतं तिथं डिझेल जळतं, ही विसंगती शास्त्रज्ञांनाही बोचते. म्हणूनच हवेची संवेदनशील उपकरणं गावात नाहीत, गावावरच्या झेपेलिन डोंगरावर 474 मीटर उंचीवर आहेत. तिथं जायला छोटा रोपवे आहे. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, हवेतले सूक्ष्म कण यांच्या तिथल्या नोंदी जगभर वापरल्या जातात, कारण जवळपास कारखाना नाही, हायवे नाही, की काडीकचरा पेटवणारं शेत नाही.

आपल्या लोकांचं हवामानाचं काम ग्रुवेबाडेट नावाच्या प्रयोगशाळेत चालतं. ती गावाबाहेर जरा अंतरावर आहे. एकेकाळचं हे खाण कामगारांचं न्हाणीघर. जिथं माणसं अंगावरची काजळी धुवायची, तिथंच आता यंत्रं हवेतली काजळी मोजतात. शिवाय कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात 2014 च्या जुलैमध्ये सोडलेली 'इंडआर्क' ही यंत्रांची माळ आहे. ती बांधणी समजून घेण्यासारखी आहे. तळाशी 192 मीटरवर वजनदार नांगर, त्याला उभी दोरी, दोरीवर वेगवेगळ्या खोलीला तापमान, क्षारता, प्रवाह, विरघळलेला ऑक्सिजन मोजणारी यंत्रं, आणि वरच्या टोकाला तरंगते गोळे. पण हे गोळे पृष्ठभागावर येऊ द्यायचे नाहीत, पाण्याखालीच ठेवायचे. वर आले तर हिमनदीतून सुटलेले बर्फाचे तुकडे सगळी माळ ओढून नेतील. नोंदी काढायच्या वेळी जहाजातून ध्वनीचा ठरावीक संकेत पाण्यात सोडतात, नांगराला दोरी अडकवणारा हूक सुटतो आणि माळ वर येते.

हे पाणी मोजायचं कारण असं, की या खाडीत दोन पाणी भेटतात. अटलांटिकचं उबदार खारं आणि हिमनद्यांचं थंड गोडं. कुठलं किती आत येतं यावर हिवाळ्यात खाडी गोठणार की नाही ते ठरतं. 2006 पासून पुढं ती पूर्वीसारखी गोठेनाशी झाली आहे.

आजारी पडलं तर? रुग्णालय लाँगइयरब्येनला. विमानानं वीस-पंचवीस मिनिटं, पण हवा बरी असेल तर. म्हणून निघण्याआधीच वैद्यकीय तपासणी होते आणि ती उगाच कागद रंगवायला नसते.

अस्वलाचं म्हणाल, तर गावाच्या कडेला इशाऱ्याची पाटी आहे. तिच्यापलीकडं जायचं तर अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ हवं, म्हणजे आवाजी गोळ्यांचं पिस्तूल, आणि सहसा रायफलही. रायफल चालवायचं प्रशिक्षण गावातच दिलं जातं. आपला पीएचडीचा विद्यार्थी, ज्यानं आयुष्यात गोफणीशिवाय काही फिरवलं नाही, तोही खांद्याला बंदूक लावून हिमनदीकडं निघतो. गावात मात्र भरलेली बंदूक चालत नाही. आणि गावातल्या घरांना कुलूप लावत नाहीत. अस्वल आत शिरलं तर जे दार समोर दिसेल ते ढकलून आत घुसायचं. आपल्याकडं सरकारी इमारतीला तीन कुलपं आणि चावी असलेला माणूस रजेवर, असा अनुभव असणाऱ्यानं हे जरा दमानं वाचावं.

फोन का बंद?

आता मुद्द्याची गोष्ट. न्यू-ऑलेसुंडभोवती 20 किलोमीटरच्या परिघात 2 ते 32 गिगाहर्ट्झ या पट्ट्यात कुठल्याही उपकरणानं रेडिओ लहरी सोडायच्या नाहीत, असा नियम आहे. वायफाय 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झवर चालतं, ब्लूटूथ 2.4 वर. म्हणजे वायरलेस इअरफोन, स्मार्ट घड्याळ, वायरलेस माऊस, ड्रोन, सगळं बाद. शास्त्रज्ञाच्या एखाद्या यंत्राला अशा लहरी सोडाव्याच लागणार असतील तर त्याला आधी वेगळा परवाना काढावा लागतो. हिमनदीवर गेलेल्यांशी बोलायचे वॉकीटॉकी चालतात, कारण ते या पट्ट्याच्या बरेच खाली काम करतात.

हे सगळं कुणासाठी? नॉर्वेच्या भूमापन खात्याच्या वेधशाळेसाठी. तिथं 1990 च्या दशकापासून हे काम चालू आहे आणि 2018 मध्ये नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्यात सुमारे 13 मीटर व्यासाच्या दोन मोठ्या तबकड्या आहेत. त्या ऐकतात क्वेसार. क्वेसार म्हणजे अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं. इतकी दूर की आपल्या दृष्टीनं ती जागची हलतच नाहीत, आणि म्हणूनच मोजणीला खुणेचा दगड म्हणून उत्तम. मात्र पृथ्वीवर पोचेपर्यंत त्यांचा संदेश इतका क्षीण होतो, की शेजारी कुणाचं वायफाय चालू असताना तो टिपायचा म्हणजे वरातीतल्या डीजेला टेकून उभं राहून मनगटी घड्याळाची टिकटिक ऐकण्यासारखं.

मोजणी होते ती अशी. एकाच क्वेसारकडं जगातल्या वेगवेगळ्या खंडांवरच्या तबकड्या एकाच वेळी तोंड करतात. प्रत्येकीपाशी अतिशय अचूक अणुघड्याळ असतं. लहर एका तबकडीवर आधी पोचते, दुसरीवर किंचित उशिरा. हा उशीर मोजला की दोन तबकड्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या घरात कळतं. अशा अनेक जोड्यांवरून पृथ्वी त्या क्षणी नेमकी किती फिरली आहे, तिचा आस किती डुलला आहे, हे कळतं. जीपीएसचे उपग्रह स्वतःच्या बळावर हे ठरवू शकत नाहीत. ते पृथ्वीभोवती फिरतात, पृथ्वी त्यांच्याखाली फिरते, आणि दोन्हींपैकी कोण किती फिरलं हे सांगायला बाहेरची, न हलणारी खूण लागते. ती क्वेसारची. त्यासाठी तबकड्या जगभर विखुरलेल्या हव्यात, आणि इतक्या उत्तरेला त्या उभ्या करायला जागा फार थोड्या आहेत.

आता याचा परभणी-हिंगोलीशी संबंध काय? तर आहे, आणि तो थेट बांधावर आहे. पूर्वी शेताची मोजणी शंकू-साखळीनं, नंतर प्लेन टेबलनं व्हायची. आता भूमी अभिलेखचा भूकरमापक रोव्हर घेऊन येतो. पिवळ्या-काळ्या काठीवर बसवलेली पांढरी टोपी. ती एकाच वेळी अनेक उपग्रहांचे संकेत घेते, जमिनीवरच्या कायम संदर्भ केंद्रांकडून दुरुस्ती घेते, आणि काही सेंटिमीटरच्या फरकात हद्दीचा बिंदू सांगते. 'क' प्रत हातात आल्यावर दोन भाऊ ज्या चार बोटांवरून पुन्हा भांडतात, ती चार बोटं उपग्रहाच्या जागेवर उभी असतात. उपग्रहाची जागा पृथ्वीच्या चौकटीवर, आणि ती चौकट न्यू-ऑलेसुंडसारख्या मोजक्या वेधशाळांवर. तिथल्या पाहुण्यानं फोन बंद ठेवायचा तो यासाठीसुद्धा.

(त्यानं तुमच्या भावकीचा वाद मिटेल, असं मी म्हणत नाही.)

अशी शांतता आपल्या भागालाही आता ओळखीची होणार आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यातून जाणारा लेझर, आणि गुरुत्वीय लहर आली की त्या लांबीत पडणारा फरक, जो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. तिथं नको आहे ती जमिनीची थरथर. जड ट्रक, खडी फोडणारं क्रशर, रेल्वे. न्यू-ऑलेसुंडला रेडिओची शांतता लागते, औंढ्याला जमिनीची. उद्या लायगोच्या फाटकावर "इथून पुढं वाहन नको" असं सांगितलं की आपल्या मंडळींना राग येईल, कुणीतरी पुढाऱ्याचं नावही घेईल. तेव्हा ही मनाई यंत्राचाच एक भाग आहे, हे आधी कळलेलं बरं.

पाहुणा म्हणून गेलात तर

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, ही बातमी खरी आहे आणि तितकीच फसवी. तिथं पोचायला नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून, म्हणजे ऑस्लो किंवा ट्रोम्सोवरून जावं लागतं, आणि नॉर्वे शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. स्वालबार्ड मात्र शेंगेनच्या बाहेर. म्हणजे जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि येताना पुन्हा आत शिरता. भारतीय पासपोर्टवर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परतीला अडचण होते. दोनदा प्रवेशाचा व्हिसा घ्यायचा.

विमान उतरतं लाँगइयरब्येनला. अडीचेक हजार वस्तीचं हे स्वालबार्डचं मुख्य गाव. इथं हॉटेलं आहेत, दुकानं आहेत, सहली आहेत. तिथून न्यू-ऑलेसुंडला जाणारं विमान म्हणजे चौदा आसनांचं डॉर्नियर 228. याच जातीची विमानं आपल्याकडं कानपूरला एचएएल बनवते. त्यात आसन मात्र किंग्ज बेची मान्यता असलेल्यालाच. पैसे टाकून तिकीट काढलं आणि गेलो, असं नाही. गावात नॉर्थ पोल नावाचं जुनं हॉटेल आहे, तेही सहलीवाल्यांसाठी नाही.

म्हणजे सर्वसाधारण पाहुण्याला एकच वाट उरते, समुद्राची. उन्हाळ्यात स्वालबार्डभोवती फिरणारी काही प्रवासी जहाजं किंग्ज बेशी आधी वेळ ठरवून इथल्या धक्क्याला लागतात. उतरल्यावर वाटाड्याबरोबर चालायचं, रस्त्यावरूनच. रस्ता सोडून हिरवळीवर पाय टाकायचा नाही. ती हिरवळ बोटभर उंचीची असते, पण तिला तेवढी व्हायला कित्येक उन्हाळे लागलेले असतात, आणि तिथल्या काही तुकड्यांवर कुणाचा तरी वर्षानुवर्षांचा प्रयोग चालू असतो. साधी दिसणारी काठी म्हणजे उपकरणाची खूण असू शकते. जुलैत आर्क्टिक टर्न हे पक्षी रस्त्याच्या कडेलाच घरटी करतात आणि जवळून जाणाऱ्याच्या टाळूवर थेट चोच मारतात. उपाय सोपा, डोक्याच्या वर काठी धरून चालायचं, ते सर्वांत उंच टोकावर झडप घालतात. कोल्हा गोंडस दिसला तरी लांबूनच बघायचा, स्वालबार्डच्या कोल्ह्यांत रेबीज आढळतो.

आठवण म्हणून काही उचलायचं नाही. 1946 च्या आधीची माणसानं केलेली कुठलीही वस्तू तिथं कायद्यानं आपोआप संरक्षित वारसा ठरते. कोळशाच्या रुळाचा गंजका खिळासुद्धा. ज्या छोट्या आगगाडीनं कोळसा धक्क्यावर यायचा तिचं इंजिन गावात जपून ठेवलंय, त्याच्यासमोर फोटो काढायला हरकत नाही. फ्लाइट मोडवर कॅमेरा चालतो. एक लहानसं संग्रहालय आहे, एक दुकान आहे, पोस्ट आहे. पोस्टातून घरी कार्ड टाकता येतं. त्या मुलुखात पाहुण्याला संदेश पाठवायचा तेवढाच अधिकृत मार्ग, असं गमतीनं म्हणायला हरकत नाही.

संशोधन केंद्रांच्या आत मात्र प्रवेश नाही. हिमाद्रीच्या दारावर मराठीत हाक मारली तरी नाही.

नियम वर्षागणिक कडक होत चाललेत. 2022 पासून स्वालबार्डच्या पाण्यात जड इंधन तेल वापरणारी जहाजं चालत नाहीत. 2025 पासून तिथल्या संरक्षित क्षेत्रांत 200 पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज जाऊ शकत नाही आणि ठरवून दिलेल्या जागांवरच उतरता येतं. अस्वलापासून 300 मीटर लांब राहायचं, मार्च ते जून या पिल्लांच्या दिवसांत 500 मीटर. सहल कंपन्यांनी याविरुद्ध बरीच ओरड केली. मला यात नॉर्वेचं फारसं चुकलेलं वाटत नाही. आपण अजिंठ्याच्या लेण्यांजवळ खासगी गाड्या थांबवून बस सुरू केल्या तेव्हाही ओरड झालीच होती.

एवढा खटाटोप आपल्याला कशाला?

पृथ्वीच्या सरासरीच्या तीन-चार पट वेगानं आर्क्टिक तापतं आहे. समुद्रावरचं पांढरं बर्फ उन्हाचा बराच भाग परत फेकतं. ते वितळलं की खालचं काळं पाणी ऊन पिऊन घेतं, आणखी तापतं, आणखी बर्फ वितळतं. हे चक्र तिथलंच राहिलं असतं तर आपल्याला काही देणंघेणं नव्हतं. पण हवा सीमा मानत नाही.

2021 मध्ये एनसीपीओआरच्या आणि नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी एक संबंध मांडला. उन्हाळ्यात रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातलं बर्फ कमी झालं की त्यावरच्या हवेच्या दाबात फरक पडतो, उंचावरच्या वाऱ्यांत मोठ्या लाटा उठतात, आणि त्यांचा परिणाम थेट आशियावरच्या हवेपर्यंत पोचतो. त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असेल तर बाष्पाचा पुरवठा वाढतो, आणि मान्सूनच्या शेवटच्या टप्प्यात, सप्टेंबरात, मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते. शास्त्रज्ञांनी 'शक्यता' म्हटलंय, तो शब्द गाळून कुणी व्हॉट्सॲपवर पुढं पाठवू नये. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीनं परांडा-भूम भागात जे केलं ते आर्क्टिकच्या बर्फामुळंच, असं कुणी ठामपणं सांगत असेल तर त्याच्यापासून दोन हात दूर राहा. एका पावसाचं कारण असं एका ओळीत बसत नाही. पण सोयाबीन काढणीला आलेलं असताना सप्टेंबरचा पाऊस कसा वागणार, हे ज्यांच्या वर्षभराच्या हिशोबाला लागून आहे, त्यांनी कोंग्सफ्योर्डमधल्या त्या माळेकडं परकं म्हणून बघू नये.

हिमाद्री आधी वर्षातले साधारण सहा महिनेच चालायची. डिसेंबर 2023 मध्ये पहिली हिवाळी तुकडी गेली. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य क्षितिजावर येतच नाही, दुपारी बारालाही काळोख. पहिल्या तुकडीत एनसीपीओआर आणि आयआयटी मंडीबरोबर पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे लोक होते. रामन संस्थेला नेमकं हेच तपासायचं होतं, की स्वालबार्डची रेडिओ शांतता विश्वाच्या सुरुवातीच्या काळातले अतिक्षीण संकेत ऐकण्याइतकी चांगली आहे का. ज्या मनाईला पाहुणे वैतागतात, तिच्यासाठीच कुणीतरी बंगळुरूहून काळ्याकुट्ट हिवाळ्यात गेलं होतं.

जायचंच असेल तर

नांदेडच्या विद्यापीठात एमएस्सी करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी भेटली. "सर, एनसीपीओआरला नोकरी लागली तरच जाता येतं ना?" म्हणाली. तसं नाही गं. एनसीपीओआर वेळोवेळी प्रस्ताव मागवतं आणि विद्यापीठांतले, महाविद्यालयांतले संशोधकही ते पाठवू शकतात. हिमनद्या, हवामान, सागर, सूक्ष्मजीव, प्रदूषक, असे विषय चालतात. एकट्या विद्यार्थ्यानं अर्ज करून उपयोग नाही. मार्गदर्शकाच्या नावावर, संस्थेच्या शिक्क्यानं प्रकल्प जातो आणि त्यात विद्यार्थ्याचं नाव घालता येतं. भारतात मंजुरी मिळाली की नॉर्वेच्या बाजूचं काम सुरू. प्रकल्पाची नोंद, मैदानी कामाला स्वालबार्डच्या राज्यपालांच्या कार्यालयाची परवानगी, किंग्ज बेकडं राहण्या-जेवण्याची नोंदणी. हे महिने खाणारं काम आहे, पुढच्या उन्हाळ्याची तयारी या उन्हाळ्यात लागते.

प्रस्तावात एक प्रश्न नीट सोडवावा लागतो. हे काम तिथंच का करायचं? हिमालयात, किंवा उपग्रहाच्या चित्रांवरून का नाही? चार शयनकक्षांच्या घरातला एक पलंग मागताय, तर उत्तर तेवढं भक्कम हवं.

दुसरी वाट लाँगइयरब्येनच्या विद्यापीठ केंद्राची. 1993 साली सुरू झालेलं हे युनिस. आपल्या विद्यापीठात पदवीला नाव असताना तिथं आर्क्टिक भूविज्ञान, जीवशास्त्र, भूभौतिकी यांचे अभ्यासक्रम करता येतात. पहिला आठवडा सुरक्षा प्रशिक्षणाचा, त्यात रायफल आलीच. खर्चाचा विचार मात्र आधी करावा, तो मुलूख महाग आहे, टोमॅटोसुद्धा विमानानं नाहीतर जहाजानं येतो.

आणि न जाताही काम करता येतं, हे तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला, पण खरं तेच आहे. ध्रुवीय मोहिमांची माहिती एनसीपीओआरच्या राष्ट्रीय ध्रुवीय माहिती केंद्रात साठवली जाते आणि संशोधनासाठी मागता येते. कोंग्सफ्योर्डच्या तापमानाच्या नोंदी नांदेडच्या वसतिगृहात बसून तपासता येतात. तिथं वायफायही चालतं. तिनं आता मार्गदर्शकाला विचारते म्हणून सांगितलंय, विषय खाडीच्या पाण्याचा घ्यायचा की काजळीचा, यावर गाडी अडली आहे.